तिच्या बाजूचा दिवा

रानडुक्कर रस्त्यात आलं तर आमच्या यंत्राला ते दिसतं का, हे तपासायला रानडुक्कर लागतं, आणि ते काही दुकानात मिळत नाही. म्हणून आमच्या वायरमनभाऊंनी आलापल्लीच्या पुढच्या डांबरी रस्त्यावर भर दुपारी हातापायांवर चालून दाखवलं. भाऊ आरमोरीकडचे, नातवंडं असलेले, गुडघेदुखीचे. मी खांबाच्या सावलीत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते आणि तिथून हुकूम सोडत होते.

"दिसलो का, बाई?"

"नाई. आणखी खाली व्हा."

"आणखी खाली झालो तं पोटावर सरका लागन. डुक्कर असा नाई सरकत. साप सरकते."

शेवटी ते यंत्राला दिसले. रस्त्याच्या दोन्ही टोकांचे पिवळे दिवे लुकलुकायला लागले आणि नेमकी तेव्हाच आलेली एक जीप हळू होत होत थांबली. आतल्या माणसाने मान बाहेर काढून भाऊंकडे बराच वेळ पाहिलं आणि काही न विचारता निघून गेला. "हा आता आलापल्लीभर सांगन," भाऊ हात झटकत म्हणाले. मला हसू आवरेना. जीप थांबली होती, हे मला त्यांच्या इज्जतीपेक्षा महत्त्वाचं होतं.

मी चंद्रपूरची. डिप्लोमा झाल्यावर गावातल्याच एका लहान कारखान्यात लागले, ती अजून तिथेच आहे. आम्ही रस्त्यावरचे धोक्याचे फलक आणि दिवे बनवतो. माझी आई म्हणते, हिचा राग नाकावर आणि हट्ट डोक्यावर. खोटं म्हणत नाही. एखादी गोष्ट होणार नाही असं कोणी म्हटलं की माझं तिथेच ठरतं. त्यामुळे कारखान्यात अवघड आणि कटकटीची कामं मला मिळतात, आणि सोपी कामं कानामागून आलेल्या पोरांना.

हे काम कटकटीचंच होतं. त्या पट्ट्यात मोबाइलला रेंज नाही. रस्त्यावरून खनिजाचे जड ट्रक जातात आणि दोन्ही बाजूंना सागाचं जंगल आहे. आमची योजना तीन खांबांची होती. जिथे पायवाट रस्ता ओलांडते तिथे मधला खांब, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना, ट्रकला वेग कमी करायला पुरेल इतक्या अंतरावर, दोन फलक. मधल्या खांबाला रस्त्याकडे तोंड केलेला एक दिवा आणि एक डोळा. रस्त्याच्या कडेला माणूस, गाय, डुक्कर काहीही आलं की त्याने दोन्ही फलकांना निरोप धाडायचा आणि फलकांनी पिवळे दिवे लावून ट्रकवाल्याला सांगायचं, पुढे कोणीतरी आहे. रेंज नसल्यामुळे हे तिन्ही खांब आपापसातच रेडिओवर बोलत. फलकांना गाडीचा वेग मोजणारं यंत्रही होतं, ते ट्रकवाल्याला त्याचा वेग आकड्यात दाखवायचं.

कागदावर हे सगळं फार छान दिसतं. प्रत्यक्षात दुपारी रस्ताच माणसाच्या अंगाइतका तापतो आणि उष्णता पाहणाऱ्या डोळ्याला डांबर कुठलं आणि वायरमन कुठला ते कळत नाही. वारा सुटला की सागाची मोठी वाळकी पानं घरंगळत येतात आणि दिवा लुकलुकतो, पान गेलं की विझतो. पानासाठी ट्रक थांबवले तर चौथ्या दिवशी कोणी दिव्याकडे बघणार नाही. म्हणून डोळ्याला पान आणि पाय यांतला फरक शिकवायचा, हे माझं त्या हिवाळ्यातलं आणि नंतरच्या उन्हाळ्यातलं काम झालं.

गाव रस्त्याच्या एका बाजूला आणि गावाचे मोह दुसऱ्या बाजूला. तिकडे मोहाची झाडं घराघरांत वाटलेली असतात. अमुक झाड अमुक घराचं, हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही. फुलं पहाटे गळतात, म्हणून बायका अंधारातच टोपल्या घेऊन निघतात. आणि पहाटेच ट्रकवाल्यांना रस्ता मोकळा सापडतो. घोडं तिथेच अडलं होतं.

ती मला पहिल्यांदा दिसली ती वायरमनभाऊंच्या डुक्करपणाच्या दुसऱ्या दिवशी. चाळिशीची, बुटकी, अंगाने दणकट बाई पायवाटेवर उभी राहून आमच्याकडे टक लावून पाहत होती. मी विचारलं, "काय पायजे, बाई?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं. मागून एक माणूस आला आणि म्हणाला, "तिले ऐकू नाई येत. जलमापासून. माह्यी बहीण हाये."

हा तिचा भाऊ. गावात त्याच्या शब्दाला वजन होतं आणि खांब लावायला ग्रामसभेत त्यानेच होकार मिळवून दिला होता. का, ते त्याने त्या दिवशी सांगितलं. बापाने मरताना रस्त्यापलीकडचे काही मोह बहिणीच्या वाट्याला दिले होते. तिचं लग्न झालं नव्हतं, ती भावाकडेच राहायची, पण ती झाडं तिची होती. गेल्या मोसमात ती पहाटे रस्ता ओलांडताना ट्रक आला. तिला ऐकू आला नाही. ट्रकवाल्याने ऐनवेळी वळवला म्हणून ती वाचली, टोपली चाकाखाली गेली.

"तवापासून म्या ठरवलं," तो म्हणाला, "यंदा तिची झाडं मी येचतो. फुलं तिचीच. पण तिले रस्त्यावर नाई जाऊ देत."

"ती काय म्हणते?"

"जेवत नाई."

तो हे अगदी साधेपणाने म्हणाला. वाईट माणूस नव्हता तो, घाबरलेला होता. गावात तिला मुकी म्हणत. तिच्या तोंडावर म्हणत, कारण तिला ऐकू येत नव्हतं. मला त्या शब्दाचा राग यायचा आणि मी तो कोणाकोणाला बोलूनही दाखवला. मग माझ्यासमोर तरी म्हणेनासे झाले.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात ती खांबाजवळ गेली होती. वायरमनभाऊ चाचणीसाठी खांबावरचा दिवा पेटवत-विझवत होते. ती दिव्यासमोर गेली, उजेड पाहिला. मग पायवाटेवर, जिथून ती येणार तिथे, परत आली. तिथून दिव्याची फक्त काळी पाठ दिसत होती. तिने त्या पाठीकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या डोळ्यांकडे, आणि दोन्ही तळवे उघडे करून माझ्यासमोर धरले. मला लगेच कळलं नाही. तिने दोन्ही मुठींनी स्टिअरिंग धरल्यासारखं केलं, गाल फुगवले, आपल्या कानाला हात लावून नाही म्हटलं आणि पुन्हा दिव्याच्या पाठीवर थाप मारली.

तेव्हा कळलं. ट्रकवाल्याला आम्ही सांगत होतो, बाई आहे. बाईला कोणी सांगत नव्हतं की ट्रक आहे. ऐकणाऱ्या माणसाला ते सांगावं लागत नाही, म्हणून आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि जे लागणार होतं ते सगळं तिथे होतंच. वेग मोजणाऱ्या फलकाला ट्रक लांबूनच कळतो. त्याने तोच निरोप उलटा मधल्या खांबाला धाडायचा आणि खांबावर एक दिवा पायवाटेवरून, अलीकडून आणि पलीकडूनही, दिसेल असा लावायचा, एवढंच.

मी आलापल्लीला जाऊन फोन लावला. ज्या कार्यालयाने काम दिलं होतं तिथले साहेब सरळमार्गी होते, पण आखलेल्या रेघेबाहेर पाऊल टाकायचा त्यांना धसका होता.

"मॅडम, मंजुरी वाहनचालकांना इशारा देण्यासाठी आहे. पादचाऱ्यांसाठी दिवा त्यात बसत नाही."

"सर, खांब तोच, बॅटरी तीच. फक्त एक दिवा जास्त."

"आधी मंजूर केलेलं चालवून दाखवा. मोहाच्या हंगामापर्यंत तिथून लोक ओलांडतात हे यंत्रात नोंदलं गेलं पाहिजे. नाहीतर खांब दुसऱ्या रस्त्यावर हलवायचं वरून ठरतंय."

मी बरं म्हटलं आणि चंद्रपूरला परत येऊन दिवा बनवला. कारखान्यातल्या जुन्या मालातून. मालकांनी पाहिलं, काही बोलले नाहीत, तेव्हा मी ते संमती समजले.

दिवा लावून झाल्यावर तिच्या भावाने एकच प्रश्न विचारला आणि माझी दोन रात्रींची झोप उडाली. "आन बॅटरी गेली तं?" दिवा लाल म्हणजे ट्रक आला, दिवा बंद म्हणजे रस्ता मोकळा, असं मी केलं होतं. पण मेलेला दिवाही बंदच असतो. ऐकणाऱ्या बाईला त्याने फरक पडत नाही. हिच्यासाठी मेलेला दिवा म्हणजे ये म्हणून बोलावणारा ट्रक. मी सगळं पुन्हा खाली उतरवलं. लालच्या खाली एक बारीक हिरवा दिवा लावला. हिरवा म्हणजे यंत्र जिवंत आहे, तिन्ही खांब बोलत आहेत, रस्ता मोकळा आहे. लाल म्हणजे ट्रक. आणि काहीच नाही म्हणजे पाय पुढे टाकायचा नाही, रस्ता कितीही मोकळा दिसो.

पहिल्या दोन गोष्टी तिला क्षणात कळल्या. तिसरी अवघड होती. मी बॅटरीची तार काढली, दोन्ही दिवे विझले, आणि ती निघाली. मी आडवी झाले. तिने रिकाम्या रस्त्याकडे हात केला, डोळ्यांनी विचारलं, कुठे आहे ट्रक? पुन्हा तेच केलं, पुन्हा ती निघाली. तिचा भाऊ बाजूला उभा राहून पाहत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं मला वाचता येत होतं.

"नाई जमाचं, बाई," तो म्हणाला.

"जमन. तुमी जरा गप राहा."

"पंडुम व्हायच्या आंधी जमलं तं ती जाईन. नाई तं मी जाईन टोपली घेऊन. तुमाले सांगून ठेवतो."

पंडुम म्हणजे नव्या फुलांचा सण, तो झाल्याशिवाय त्या गावात मोहाचं नवं फूल घरात येत नाही. आधी देवाला, मग माणसाला. म्हणजे मला मुदत मिळाली होती आणि ती देवाने दिलेली असल्यामुळे वाढवून मागता येत नव्हती. मी यंत्र चालू ठेवून, तिला पुढच्या वेळी शिकवते असं म्हणून चंद्रपूरला गेले.

परत आले आणि लॅपटॉप जोडला तर कोणीच ओलांडलेलं नव्हतं. गायी होत्या, रात्रीची जनावरं होती, एक कुत्रा रोज ठरल्या वेळी जात होता. माणूस मात्र नाही. वायरमनभाऊ म्हणाले यंत्र बिघडलं असणार. त्यांना पुन्हा चालायला लावलं, दोन पायांवर. यंत्राला ते चांगले दिसले. आलापल्लीला जाऊन साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग लोक तिथून जातच नसतील. पंडुम का काय म्हणता तोपर्यंत बघू, नाहीतर हलवू." माझ्या डोक्यात तिडीक गेली. लोक जात नाहीत म्हणे! मोहाखालची वाळकी पानं झाडून, पेटवून जमीन लख्ख केलेली मी डोळ्यांनी पाहत होते. ती काय वाऱ्याने झाडली?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खांबाजवळ न थांबता रस्त्याने चालत पुढे गेले. वळणाच्या पलीकडे बायका दिसल्या. झाडू, टोपल्या, डोक्यावर पदर. त्या वळणावर रस्ता ओलांडत होत्या, जिथे कोणत्याही बाजूने येणारा ट्रक अगदी अंगावर येईपर्यंत दिसत नाही. आणि त्यांच्या मागे ती. भाऊ घरी नसताना ती वहिनीबरोबर झाडणीला निघाली होती. तिच्यासाठी बनवलेला दिवा आमच्या पाठीमागे झाडांआड राहिला होता आणि ती सगळ्यांत वाईट जागेवरून सगळ्यांत शेवटी जात होती.

मी ओरडले. ऐकणाऱ्या सगळ्या थांबल्या, ती थांबली नाही. त्या वेळी ट्रक नव्हता, एवढंच नशीब.

तिची वहिनी तिशीची, तोंडाने फटकळ. एरवी माझं तिच्याशी बरं जमायचं. मी तिलाच धरलं. "तिकडं खांब गाडून देला तुमच्यासाठी. मंग इकून काऊन जाता? मराले?"

एक इकडे बघते, एक तिकडे. वायरमनभाऊ मागून येत होते. वहिनीने त्यांच्याकडे नजर टाकली आणि मला पदराला धरून मोहाखाली नेलं.

"त्या खांबाले डोळा हाये."

"हाये ना. म्हून तं दिवा लागते."

"कॅमेरा हाये तो. वाघ मोजाले झाडाले बांधते तशीच गोल काच. आमी पायटे कायले जातो तिकडं? नुसतं मोहालेच जातो का? बाया हाओत आमी. संडासला बी तिकडंच जातो. फोटू निंगते तो कोण पाह्यते? तू पाह्यते का तुह्या मशीनवर, आन तो बुढा?"

मला आधी हसू आलं, वायरमनभाऊंना बुढा म्हटल्यामुळे, आणि लगेच रागाने कानशिलं तापली. कोणावर, ते मला नीट सांगता येत नाही. कुठल्याशा गावात कॅमेऱ्यात मोळी दिसली म्हणून कोणाला वनखात्याचं बोलावणं आलं, अशी एक गोष्ट त्या पट्ट्यात फिरत होती. खरी की खोटी, देव जाणे. सुतावरून स्वर्ग गाठला म्हणावं, तर सूत अगदीच खोटं नव्हतं. काच गोल होती आणि तिचं तोंड पायवाटेकडेच होतं. बायकांनी आपसात ठरवलं होतं, पुरुषांना सांगितलं नव्हतं. पुरुषांना काय म्हणून सांगायचं? म्हणून तिच्या भावालाही पत्ता नव्हता.

"हे मले आंधी काऊन नाई सांगतलं?"

"तू कोणाची हायेस ते काय मालूम आमाले?"

मी म्हटलं, "ग्रामसभा बोलवा. बायकाईची. डब्बा तुमच्यासमोर खोलतो."

त्याच संध्याकाळी गोटुलात, गावाच्या सभाघरात, सभा बसली. पुरुषही आले, पण वहिनीने त्यांना मागे बसवलं. वायरमनभाऊंनी खांबावरून डोळ्याचा डबा उतरवून आणला होता. मी तो सगळ्यांच्या मध्ये ठेवला, स्क्रू काढले, काच बाहेर काढली आणि हातोहात फिरवली. काच दुधी. पलीकडचा माणूस नीट दिसेना, तेव्हा एक म्हातारी म्हणाली, "ह्याईच्याच डोळ्यात मोतीबिंदू हाये." मग लॅपटॉप लावला. वहिनीला डब्यासमोर चालायला सांगितलं. पडद्यावर एक तांबडा ठिपका सरकला.

"मी कुठी?"

"हाच तू."

"एवढीशी?" वहिनी म्हणाली, आणि तिच्या अंगाचा घेर ठाऊक असलेलं सगळं गोटुल हसलं.

"मंग तोंड?"

"तोंड नाई दिसत. बाई का माणूस नाई समजत. गाय आली तं बी असाच ठिपका."

एकेक करून सगळ्या चालल्या, सगळ्यांचे ठिपके झाले. मला वाटलं मिटलं. पण वहिनी खाली बसली नाही. "फोटू नाई काढत, मानलं. तरी त्याचं तोंड आमच्या वाटेकडं नको. रस्त्याकडं कर." मी म्हटलं, तसं केलं तर बाई रस्त्याच्या कडेला आल्यावरच दिवा लागेल, आधी नाही. ती म्हणाली, "मंग कडेला येऊन थांबू. दिवा लागू दे, मंग जाऊ. थांबाले काय झालं?" मी भांडले. आठवड्यांचं काम होतं माझं, त्या डोळ्याला वाटेवरून येणारे पाय लांबूनच ओळखायला शिकवण्याचं. पण सभेत एकही बाई माझ्या बाजूने बोलली नाही. शेवटी वायरमनभाऊंनी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून काचेला छज्जा केला, असा की डोळ्याला फक्त रस्त्याची कड दिसावी, मागची वाट नाही. वहिनीने वाकून, बसून, सगळ्या बाजूंनी तपासला आणि मान हलवली. दुसऱ्या पहाटेपासून ठिपके यायला लागले. साहेबांना आकडे कळवले तेव्हा ते म्हणाले, "अरे वा, लोक जातात की." मी फोन कानापासून लांब धरला आणि मनात काय म्हणायचं ते म्हटलं. खांब राहणार होते.

पण तिचं राहिलंच होतं. पंडुम जवळ आला होता आणि बंद दिव्यापुढे ती अजून पाऊल टाकत होती. मी रोज सकाळ-संध्याकाळ तिला घेऊन खांबापाशी जायचे. तार काढायची, ती निघाली की आडवं व्हायचं. ती चिडायची, मीही चिडायचे. दोघींच्या नाकावर राग. एकदा तिने मला चक्क ढकललं. मग मला एक सुचलं. मी वायरमनभाऊंना मोटारसायकलवर वळणापलीकडे पाठवलं, तार काढली, आणि ती निघताच तिला धरून ठेवलं. मोटारसायकल आली. दिवा बंदच होता, आणि वायरमनभाऊ आमच्या समोरून भर्रकन गेले. तिने त्या मोटारसायकलकडे पाहिलं, मग विझलेल्या दिव्याकडे. मग दिव्याकडे बोट दाखवून तिने डोळे मिटले आणि मान एका बाजूला टाकली. मेला. मी जोरजोरात मान हलवली, हो, हो, मेला. त्यानंतर ती बंद दिव्यापुढे निघाली नाही. पण हे सगळं मी समोर उभी असताना. मी नसताना काय, हा प्रश्न तिचा भाऊ विचारत नव्हता, तरी तो मला ऐकू येत होता.

पंडुमनंतरच्या पहिल्या पहाटे मी आणि वायरमनभाऊ रस्त्याच्या पलीकडे, मोहाच्या बाजूला, चांदणं असल्यामुळे झाडामागे सावलीत बसलो. तिला दिसायचं नाही असं ठरवलं होतं. बसलो आणि मला जळक्या पानांचा वास आला. संध्याकाळी कोणीतरी झाडाखालची राहिलेली पानं पेटवली होती आणि जाळ गवतातून सरकत रस्त्याखालच्या मोरीतून पलीकडे खांबापर्यंत गेला होता. पायथ्याची नळी वितळून तार जळली होती. खांबावर ना लाल होता, ना हिरवा. मी उठले तोच वायरमनभाऊंनी माझा हात धरला. बायका आल्या होत्या.

त्या कडेला थांबल्या, कान दिला, दोन्हीकडे पाहिलं. रस्ता खरंच मोकळा होता, लांबवर कसलाही आवाज नव्हता. वहिनी पुढे झाली, मागून बाकीच्या. सगळ्या आमच्या बाजूला येऊन पोचल्या. ती मात्र तिकडेच उभी होती, खांबाकडे पाहत. वहिनीने हात हलवला, ये. तिने खांबाकडे बोट दाखवलं, डोळे मिटले, मान एका बाजूला टाकली. मग टोपली खाली ठेवली आणि तिच्याशेजारी बसली.

तिच्या मागे, वाटेवर, तिचा भाऊ होता. कांबळं पांघरून चोरून आला होता. तोही कान देऊन ऐकत होता, त्यालाही कळत होतं की रस्ता मोकळा आहे. न राहवून तो पुढे आला आणि तिला हाताने खूण केली, जा. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि नाही म्हटलं. आमच्या बाजूला फुलं टपटप पडत होती, बाकीच्या बायकांच्या टोपल्या भरायला लागल्या होत्या. तिच्या झाडांखाली कोणीच नव्हतं. ती बसून राहिली.

आम्ही धावत रस्ता ओलांडला. जळालेला तुकडा कापायला, नवी तार जोडायला वेळ लागला. वायरमनभाऊ टॉर्च धरून मला शिव्या घालत होते, प्रेमाने. शेवटी हिरवा लागला. ती उठली, टोपली उचलली, आणि हिरव्याचा लाल झाला. ती जागच्या जागी थांबली. लांबच्या फलकाचे पिवळे दिवे लुकलुकले, ट्रक हळू झाला, आमच्यासमोरून गेला, त्याच्या वाऱ्याने तिचा पदर उडाला. लालचा हिरवा झाला. मग ती गेली. कोणाकडे न बघता, सरळ, आपल्या झाडांकडे.

मी रडले. ते लपवावं असं मला तेव्हा वाटलं नाही, आताही वाटत नाही.

उजाडायला लागलं होतं. तिच्या भावाने कांबळं खांद्यावरून काढलं तेव्हा त्याच्या हातातली टोपली मला दिसली. तिची झाडं वेचायला आणलेली. त्याने पलीकडे, वाकलेल्या बहिणीकडे पाहिलं.

"जातो मी, बाई," तो म्हणाला. "माह्यं इथी काई काम नाई."

आणि रिकामी टोपली घेऊन तो घराकडे वळला.